फ्लेक्सवालं शिबिर

आमच्या घरात 'फ्लेक्झिबल' हा शब्द मी आणला, आणि पुढं त्याचं जे काही झालं त्याला मीच जबाबदार आहे.

मार्च संपत आला होता. संध्याकाळची वेळ. ओट्यावर बसून मी भुईमुगाच्या शेंगा फोडत होते आणि खांदा उचलून कानाशी मोबाईल धरला होता. पलीकडं माझा नवरा, चाकणच्या कंपनीत, मशीनच्या आवाजात. त्याला एक वाक्य तीनदा सांगितल्याशिवाय पोचत नाही, आणि तिसऱ्या वेळेला माझा आवाज चढतो. तो तसाही लवकर चढतो. "यंदा पोरींना उन्हाळी शिबिरात घालू! पण फ्लेक्झिबल पाहिजे! फ्लेक्झिबल! फ्लेक्झिबल नसेल तर पाठवायचंच नाही मला!" अंगणात माझे सासरे शेळ्या बांधत होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. त्यांचे हात दाव्यावरच थांबले, हे मी पाहिलं. शेळीनं लाथ मारली असेल, असं मला वाटलं.

आता शिनोलीच्या फाट्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडं फाट्यावर फ्लेक्स लागतो तो कशाचाही. कुणाचा वाढदिवस, कुणाची पोरगी पोलीस भरतीत लागली, कुणी नवा ट्रॅक्टर घेतला, कुणाचा बैल शर्यतीच्या घाटात पहिला आला. मधे मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांच्या टिकलीएवढ्या फोटोंची रांग, आणि प्रत्येकाच्या नावाखाली पदवी. युवा नेते, कार्यसम्राट, आधारस्तंभ. आमच्या शेजाऱ्याचा बैल त्या फाट्यावर दोनदा लागला आहे, गॉगल घालून. आमच्या घरातलं मात्र आजवर कुणीच लागलं नव्हतं. ही सल आबांच्या मनात किती खोल आहे, याची मला कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला गेलेल्या आबांनी डेअरीत सांगून टाकलं, "आमच्या दोन्ही नाती फ्लेक्सवर येनार! शिबिरच तसलं हाय, फ्लेक्सवालं. सूनबाई म्हनली, फ्लेक्स नसंल तर पोरी धाडायच्याच न्हाईत."

हे मला कळलं ते बरोबर बारा दिवसांनी. तोपर्यंत मी शिबिर शोधत वणवण फिरत होते.

मी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. सकाळची ड्यूटी, दुपारची, रात्रीची, महिन्यात तिन्ही होतात आणि तक्ता लागेपर्यंत कुठली कधी ते देवालाही ठाऊक नसतं. नवऱ्याच्याही शिफ्टा. सासूबाई थोरली रांगत असतानाच गेल्या. आबा दिवसभर आठ शेळ्या आणि एक बोकड घेऊन माळावर. घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस, आणि ऊस म्हटलं की बिबट्या आलाच. शाळा चालू असते तोवर सगळं ठीक चालतं. सुट्टी लागली की एक दहा वर्षांची आणि एक सहा वर्षांची अशा दोन मुलींना कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा प्रश्न दर उन्हाळ्यात दारात येऊन बसतो.

मागच्या उन्हाळ्यात तो मी सोपा करून टाकला होता. दोघींना माझ्या माहेरी पाठवलं, तळेघरला.

माहेर म्हणजे स्वर्ग, यात वादच नाही. करवंदं, जांभळं, नाचणीची भाकरी, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात तिथली काळी राख तोंडाला फासून नाचायला सोबत मामाची पोरं. थोरली रमली. धाकटी तेव्हा पाच वर्षांची. तिला मी म्हणाले होते, "दर रविवारी येते." पहिल्या रविवारी गेले. नंतरच्या दोन्ही रविवारी ड्यूटी लागली. तळेघरला जाणाऱ्या गाड्या मोजक्याच, उतरल्यावर वर अर्धा तास चाल. सकाळची ड्यूटी उरकून जाऊन येणं होईना. माझी आई फोनवर सांगायची, धाकटी संध्याकाळी वळणावरच्या दगडावर जाऊन बसते आणि गाडी येऊन गेली की उठून येते. मग एकदा म्हणाली, "आता न्हाई जात बसायला. बरं झालं, रुळली." मीही म्हणाले, बरं झालं.

शेवटी आणायला गेले तेव्हा धाकटी आजीच्या पदराआड गेली. मी हात पुढं केले. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि आजीलाच विचारलं, "ही परत कधी जानार हाय?"

मला 'ही' म्हणाली, याचं एवढं नाही. कधी येणार हे विचारायचं तिनं सोडून दिलं होतं आणि कधी जाणार एवढंच तिच्यापाशी उरलं होतं. घरी आल्यावरही ते तसंच राहिलं. मी ड्यूटीला निघाले की पूर्वी ती उंबऱ्यात आडवी पडायची, "कधी येशील, कधी येशील" करून जीव खायची. आता नुसता हात हलवायची. शेजारणी म्हणायच्या, किती शहाणी झाली. मी दवाखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन रडले आहे, हे त्यांना काय माहीत.

म्हणून यंदा मी स्वतःशी शपथ घेतली होती. मुली संध्याकाळी आपल्याच घरात जेवतील. आणि मी एकदाही उशीर करणार नाही. आई येते म्हणाली म्हणजे येते, हे त्या पोरीला पुन्हा पटलं पाहिजे. मला शिबिरातून चित्रकला नको होती, इंग्रजी नको होतं, एवढं एकच पाहिजे होतं.

पहिलं शिबिर पाहिलं ते मंचरला. गळ्यात टाय बांधलेले एक सर होते. त्या उकाड्यात टाय पाहूनच माझं डोकं गरम झालं.

"मॅडम, आमचं पूर्ण फ्लेक्झिबल आहे. सकाळची बॅच घ्या नाहीतर दुपारची."

"आणि माझी ड्यूटी आठवड्यात बदलली तर?"

"नाही नाही, एकदा बॅच निवडली की बदलता येत नाही."

"मग यात वाकतं काय?"

"पालकांनी थोडं ॲडजस्ट करायचं, मॅडम."

"म्हणजे वाकायचं मीच." एवढं बोलून मी उठले. थोरली बाहेर येऊन म्हणाली, "आई, तू सगळीकडं भांडतेस." खरं आहे ते. पण मी भांडते ते मुद्द्याला धरून.

दुसरं नारायणगावला. तिथं सगळं चकाचक. थंडगार हॉल, यंत्रमानव करायला शिकवणार, पोहायला निळ्या पाण्याचा तलाव. टेबलापलीकडची मुलगी गोड बोलत होती. मी तिला माझा एकच प्रश्न विचारला, "मला तास-दीड तास उशीर झाला तर माझी मुलगी कुठं असेल?"

"काळजी करू नका ना, इथं रिसेप्शनवर बसवू."

मी वळून पाहिलं. लाल सोफा होता. समोर माशांची काचपेटी आणि त्यावर मोठं घड्याळ. त्या सोफ्यावर पाय न पुरणारी धाकटी मला दिसली, घड्याळाकडं बघत बसलेली. तळेघरच्या दगडाला रेक्झिन लावलं तरी तो दगडच. शिबिर वाईट नव्हतं, सोफाही चांगला होता. पण मी फॉर्म तिथंच ठेवून आले.

तिसरं आमच्या दवाखान्यातल्या मावशींनी सांगितलं. घोडेगावच्या बाहेर, आंब्याच्या पाच झाडांखाली. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, त्यांच्याकडं पूर्वी भात भरडायची गिरणी होती. तिच्या रिकाम्या शेडमध्ये त्या उन्हाळ्यात पोरं सांभाळतात. शिबिर वगैरे शब्दही त्या वापरत नाहीत, पोरं 'बाईंकडं' जातात एवढंच.

तिथं जायच्या दिवशी आबा सकाळीच आंघोळ करून, परीटघडीचं धोतर नेसून तयार. "मी बी येतो." मला बरं वाटलं. नातींची काळजी, म्हटलं.

पाटी नव्हती, गेटही आपलं बांबूचं. बाई खाली बसून चिंचा फोडत होत्या आणि चिंचोके एका सुपात टाकत होत्या. मी बसता बसताच प्रश्न टाकला. "बाई, मला उशीर झाला तर?"

"तर उशीर झाला." बाईंनी मानही वर केली नाही.

"तसं नाही. पोरगी तेवढा वेळ काय करेल?"

"कामं लई असत्यात हितं. ज्याच्या घरचं उशिरा येतं, त्याला चांगलं काम मिळतं."

चांगलं काम म्हणजे झाडू, हे मी मनात धरून टाकलं. माझ्या पोरीला उशिराची शिक्षा म्हणून झाडायला लावणार! माझ्या जिभेवर आलंच होतं, तेवढ्यात आबांनी पिशवीतून पाकीट काढून बाईंपुढं ठेवलं.

"बाई, ह्यातलं कोनचं फोटू चालत्याल? साईज बारकी वाटली तर वाढवून आनतो."

पाकिटात दोघी मुलींचे फोटो. घोडेगावच्या स्टुडिओत काढलेले, मागं बर्फाचे डोंगर आणि धबधबा. धाकटीच्या केसांना पाणी लावून भांग पाडलेला. आणि तिसरा फोटो बोकडाचा.

"हे कशाला?" बाईंनी विचारलं.

"फ्लेक्सला."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी आबांकडं पाहिलं, आणि ओट्यावरची ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. मला हसू आवरेना. मी तोंडाला पदर लावला. फ्लेक्झिबल म्हणजे काय, ते शेवटी बाईंनीच समजावलं. "आबा, त्याचा अर्थ लवचीक. वेळ मागंपुढं झाली तरी चालतं, असं."

"लवचीक?" आबांना ते मुळीच पटलं नाही. "लवचीक वेताची काठी असती. शिबिर कसं असंल?" मग त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मंग मी डेअरीत सांगितलं त्याचं काय?"

सगळ्या गावाला सांगितलं होतं. बोकडाचा फोटो त्यांनी स्वतःच्या हौसेनं काढला होता, निदान एक कोपरा मिळेल म्हणून. मला हसायला येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

एवढ्या वेळात धाकटी कधी सुपाजवळ जाऊन बसली कळलं नाही. ती चिंचोके मोजत होती. चल म्हटलं तर उठेना. "एवढं झालं की," म्हणाली आणि पुन्हा सुरुवातीपासून मोजायला लागली. मग मी झाडूचा मुद्दा गिळला आणि दोघींची नावं घातली. शिबिर मी निवडलं असं मी सगळ्यांना सांगते, पण ते त्या चिंचोक्यांनी निवडलं.

एप्रिलच्या मध्यापासून पोरी जायला लागल्या. वेळापत्रक होतं, शेडच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं, आणि ते भिंतीवरच राहायचं. सकाळी साडेसातला आणून सोडा की दहाला, बाईंचा चेहरा तोच. माझी दुपारची ड्यूटी असेल तेव्हा पोरी अकरापर्यंत घरी लोळून मग जायच्या आणि त्यांचे वडील पहिली शिफ्ट उरकून, माझ्या धाकानं, इतरांच्या आधी त्यांना घेऊन यायचे. पोरींनी मातीचे बैल केले, पाखरांसाठी पाण्याच्या वाट्या टांगल्या, कैरीचं पन्हं करताना गुळाची ढेप संपवली. एक दिवस सगळ्यांना टेम्पोतून लेण्याद्रीला नेलं. पायऱ्या मोजायच्या होत्या. वर पोचल्यावर वीस पोरांचे वीस आकडे निघाले, आणि परत आल्यावर बाईंनी सगळे फळ्यावर लिहिले. धाकटीचा आकडा सगळ्यांत मोठा. मी कारण विचारलं तर म्हणाली, "दमले तिथल्या दोनदा मोजल्या." मला हे गणित फार पटलं. आमच्या नोकरीतही असंच मोजायला हवं.

आबा रोज दुपारी शेळ्या घेऊन बाईंच्या गेटावरून जायचे. त्यांच्या माळाचा रस्ता तो नव्हेच. "शेवटाला फ्लेक्स लावनार असाल तर सांगा," एवढंच म्हणायचे आणि पुढं जायचे.

आणि मी? मी वेळेवर जात होते. दोनला ड्यूटी सुटली की सव्वादोनला स्कूटर बांबूच्या गेटाशी. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं तरी थांबत नव्हते. पण एक गोष्ट मला खात होती. सकाळच्या ड्यूटीला रोज गेटाशी सोडताना धाकटी विचारायची, "आई, आज उशीर होईल?"

"नाही गं राणी. अजिबात नाही. दोनला सुटले की आलेच."

आणि तिचा चेहरा पडायचा.

रोज पडायचा. दुधानं तोंड पोळलंय, ताकही फुंकून पिणार, मी मनाशी म्हणायचे. विश्वास बसत नाहीये पोरीचा. मी आणखी वेळेवर जायला लागले. दोन वाजून पाच मिनिटांनीच ड्यूटीची खोली सोडायला लागले. एकदा तर बदलीची सिस्टर लवकर आली म्हणून पावणेदोनलाच पोचले, त्या दिवशी ती घरापर्यंत बोलली नाही.

मग मे महिन्यातली ती दुपार आली. दोनला मला सोडवायला यायची ती सिस्टर आली नाही. तिचा पोरगा तापानं फणफणला होता. तिला काय बोलणार? तिच्या जागी मी असते तर मीही नसते आले. वॉर्डात एक बाई अडलेली, दुसरी नुकतीच आणलेली. तीन वाजले, चार वाजले. त्या आठवड्यात नवरा दुसऱ्या शिफ्टला. आबांचा फोन घरी खुंटीला टांगलेला असतो, तो खुंटीचाच फोन आहे. बाईंना लावला तर नुसता वाजत राहिला. बाई पोरं असेपर्यंत फोन कपाटात ठेवतात. पाच वाजता अडलेल्या बाईला मुलगी झाली. तिच्या सासूनं माझा हात धरून साखर दिली, ती तोंडात विरघळेना. बदलीची सिस्टर आली तेव्हा पावणेसहा.

स्कूटर मी कशी चालवली ते आठवत नाही. डोक्यात एकच, की पंधरा दिवस जमवलेलं सगळं आज गेलं. ऊन उतरलं होतं. वळण घेतलं आणि दुरून दिसलं. बांबूच्या गेटाच्या आत एक मोठा दगड आहे. त्यावर धाकटी एकटी बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर रस्त्यावर. मला तळेघरचं वळण दिसलं. माझ्या आईनं फोनवर सांगितलेलं सगळं मी त्या क्षणी डोळ्यांनी पाहिलं.

स्कूटर स्टँडवर न लावताच मी सोडली, ती आडवी झाली. "आले गं! आले! माझं चुकलं, बाळा, मी..."

धाकटी दगडावर उभी राहिली. दोन्ही हात वर करून ओरडली, "थांब! आत येऊ नको!"

मी गेटाबाहेर खिळले.

"ताई बाहेर गेली का?" तिनं विचारलं.

"गेले कधीचीच," माझ्या मागून थोरलीचा आवाज आला. रस्त्याकडेच्या चिंचेखाली दप्तर मांडीवर घेऊन ती कंटाळून बसली होती. "हिला शेवटचं व्हायचंय म्हणून मी मघापासून बाहेर बसलेय. लवकर वाजव गं, भूक लागलीय."

"काय वाजव?" मी म्हणाले.

मग ते मला समजलं. आंब्याच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला होता. तो मी रोज पाहत होते आणि रोज दुर्लक्ष करत होते. बाईंकडची रीत अशी होती, की दिवसाच्या शेवटी जे पोर उरेल त्यानं घंटा वाजवायची, पाखरांच्या वाट्यांत पाणी भरायचं आणि गेटाला स्वतःच्या हातानं दोरी बांधायची. म्हणजे तेवढा वेळ सगळं आवार त्याचं. अख्ख्या शिबिरात याच्याएवढा मान दुसरा नव्हता. पोरं आपापल्या घरी हात जोडून सांगत होती, उशिरा या. आणि वीस पोरांत एकटीच अशी होती की जिची आई रोज सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहायची.

"आज तू उशीर केलास!" धाकटी म्हणाली. एवढा आनंद मी तिच्या तोंडावर वर्षभरात पाहिला नव्हता. "तू तिथंच थांब हां. मी येते."

मी थांबले. तिनं सगळ्या वाट्या भरल्या, एकेक करून, तांब्या दोन्ही हातांनी धरून. एक वाटी उंच होती, त्यासाठी बादली उपडी केली. मग हातोडी घेतली. पहिला टोला हुकला. दुसरा बसला. मग तिसरा, चौथा, पाचवा. तीन टोल्यांचा नियम होता म्हणे, पण तिची इतक्या दिवसांची थकबाकी होती. मी रस्त्यावर उभी राहून वाट बघत होते आणि रडत होते आणि हसतही होते. येते म्हणाली की येणार, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. कुणाची तरी अशी वाट बघण्यात सुख असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाई शेडच्या दारात उभ्या होत्या. डोळे पुसून मी लगेच त्यांच्यावर घसरले. "मला सांगायचं नाही का, बाई?"

"पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं. उशिरा येनाऱ्याच्या पोराला चांगलं काम मिळतं म्हनून. तुमी ऐकलं न्हाई."

झाडूचं मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

घरी जाताना धाकटी स्कूटरवर पुढं उभी होती. मी तिला विचारलं, "तळेघरला तू दगडावर बसायचीस ना माझी वाट बघत?"

"हूं."

"मग बसायचं का सोडलंस?"

तिनं थोडा विचार केला. "तिथं काम काय नव्हतं," म्हणाली. मग मान मागं वळवून, वाऱ्यात मोठ्यानं, "उद्या कधी येशील?"

कधी येशील. एका वर्षानं विचारलं. मी म्हणाले, "तू सांग." ती म्हणाली, "उद्या उशिरा नको. उद्या वेळेवर. परवा उशिरा." आमचं फ्लेक्झिबल ते हे असं ठरलं. पुढच्या आठवड्यात ही गोष्ट बाकीच्या आयांनाही कळली. सगळ्याच उशिरा यायला लागल्या, बाईंना संध्याकाळचा चहा मिळेना, तेव्हा त्यांनी वैतागून घंटेच्या पाळ्या लावल्या.

मेच्या शेवटी शिबिर संपलं. त्याच दिवशी आबा धाकटीला घेऊन घोडेगावला गेले आणि बोकडासारखे ऐटीत परत आले. मला कुणी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीला जाताना फाट्यावर गर्दी दिसली. वर पाहिलं तर फ्लेक्स.

मधे आमच्या दोघी, मागं बर्फाचे डोंगर. 'शिबिर यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक. आबांचा फोटो, खाली 'शेळीपालन सम्राट'. त्यांच्या शेजारी बोकड, आधारस्तंभ. बाईंच्या खाली 'लवचीक मार्गदर्शक', हा शब्द आबांनी लक्षात ठेवला होता. नवऱ्याच्या फोटोखाली 'चाकणकर'. आणि शेवटी माझा फोटो, दवाखान्याच्या ओळखपत्रावरचा, डोळे अर्धे मिटलेले. त्याखाली ठळक लाल अक्षरांत: 'उशिरा येणारी आई'.

मी तशीच मागं फिरले. आबा गोठ्यात होते. "आबा, अख्ख्या पंचक्रोशीत माझी अब्रू काढली तुम्ही! सरकारी नोकरीत आहे मी! उशिरा येणारी?"

"मी न्हाई, राव." आबांनी हात झटकले. "फ्लेक्सवाल्यानं इचारलं, आईच्या खाली काय टाकू. म्या म्हनलो सिस्टर टाक. तर ही म्हनली, न्हाई, आसंच टाका. दोनदा वाचून घेतलंन त्याच्याकडून."

धाकटी उंबऱ्यात दात घासत उभी होती. तोंडात फेस. "मग? येतेस ना?" म्हणाली.

मी पर्स खाली टाकली. तिला तसंच फेसासकट उचललं, युनिफॉर्मवर डाग पडले, आणि त्या दिवशी ड्यूटीला मी खरोखरच उशिरा पोचले.

फ्लेक्स पंधरा दिवस फाट्यावर होता. ओपीडीत इंजेक्शन घ्यायला आलेल्या एका म्हातारीनं माझ्याकडं निरखून पाहिलं. "बाय, फाट्यावरच्या फ्लेक्सावरली ती उशिरा येनारी तूच न्हवं?"

"हो आजी," मी म्हणाले. "येणारी. ती मीच."